पुंजारामनं दुकान वाढवलं

मोसम नदीच्या काठी एक लहान गाव आहे. त्या गावात पुंजाराम नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे आळशी नव्हे अन् वाईट तर मुळीच नव्हे. सांगितलं तेवढं ऐकायचा, अन् ऐकलं तेवढं करायचा.

शाळेत असताना एकदा मास्तर चिडून म्हणाले, "उद्या मला तोंड दाखवू नकोस." दुसऱ्या दिवशी पुंजाराम वेळेवर शाळेत आला, तोंडाला टॉवेल गुंडाळून. त्याला फळा दिसत नव्हता. पण मास्तरांचा शब्द त्याला मोडायचा नव्हता.

त्याला एक गोष्ट मात्र उत्तम जमायची. भाकरी. त्यानं थापलेली भाकरी तव्यावर पडली की फुगायचीच. गावातल्या बायका आपल्या पोरींना त्याचं उदाहरण द्यायच्या, अन् पोरी त्याच्यावर चिडायच्या.

पुंजारामची थोरली बहीण कुंदा परदेशात होती. नवऱ्याच्या नोकरीपायी महिन्याभरापूर्वीच ती दोघं तिथल्या एका नव्या शहरात राहायला गेली होती. तिला दिवस गेले होते. चौथा महिना लागला तरी तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. पावाचा वास आला तरी ढवळायचं. चीजचं नाव काढलं तरी ढवळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी, सोमवारी, पुन्हा वजन करू. असंच घटत राहिलं तर दवाखान्यात भरती करून सलाईन लावावं लागेल."

कुंदा म्हणाली, "मला सलाईन नको. मला बाजरीची भाकरी अन् वांग्याचं भरीत द्या."

पण भाकरी करायची कुणी? चुलीपाशी उभं राहिलं की कुंदाला चक्कर यायची. तिचा नवरा शरद कॉम्प्युटरवर मोठी मोठी कामं करायचा. चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती. पण पिठाला पाणी किती लागतं, ते त्या चाळीसमधल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आईचे गुडघे दुखत होते. म्हणून आईनं पुंजारामला विमानात बसवलं. सोबत पाच किलो बाजरीचं पीठ दिलं. विमानतळावरच्या साहेबानं ती पिशवी ठेवून घेतली. आईनं सदऱ्याच्या घडीत घातलेली लहान पुडी तेवढी पोचली.

त्या पुडीवर तीन दिवस निघाले. कुंदानं तीन दिवस भाकरी खाल्ली. तिच्या तोंडावर जरा तेज आलं. चौथ्या दिवशी तिनं पलंगावरूनच सांगितलं, "पुंजा, डब्यातलं पीठ वाढत आलं बघ. काहीतरी कर."

पुंजारामनं डबा उघडून पाहिला. तळाला दोन मुठी पीठ होतं. त्याला वाटलं, वाढत आलंय म्हणजे अजून वाढणार. मग नव्या पिठाला जागा नको का? त्यानं त्या दोन मुठी बाल्कनीत कबुतरांना घातल्या. डबा पुसून ठेवला अन् त्याच्याशेजारी बसून राहिला.

संध्याकाळी दाजी कामावरून आले. "काय करतोस रे?"

"पीठ वाढायची वाट बघतोय."

दाजींनी डब्यात डोकावलं. "होतं ते कुठं गेलं?"

"कबुतरांनी खाल्लं. आपलं वाढतंय ना."

दाजींनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "अरे, घरातलं धान्य संपलं असं तोंडानं म्हणू नये. म्हणून वाढलं म्हणतात. वाढलं म्हणजे संपलं. डोक्यात ठेव."

पुंजारामनं डोक्यात ठेवलं.

आता प्रश्न असा पडला की बाजरीचं पीठ आणायचं कुठून. दाजींनी त्या शहरातल्या मराठी माणसांच्या फोनवरच्या गटात विचारलं. गटात शंभर माणसं होती. अर्ध्या तासात साठ उत्तरं आली. एक म्हणाला, कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जा. दुसरा म्हणाला, त्या दुकानात चुकूनही जाऊ नका. तिसरा म्हणाला, तुर्की माणसाकडं सगळं मिळतं. चौथा म्हणाला, दीडशे किलोमीटरवर एक दुकान आहे, मी दर महिन्याला गाडी काढतो, तिथली कोथिंबीर बघा एकदा. एक बाई म्हणाल्या, बाजरी कशाला, ओट्स खा. एका काकांनी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकून सुप्रभात म्हटलं. मग पहिल्या अन् दुसऱ्याचं भांडण लागलं, अन् बाजरी मागं राहिली.

शहरात खैरनारांचं दुकान होतं. तिथं बाजरी होती. पण खैरनारांचं नाव कुणीच घेतलं नाही. गेल्या गणपतीत मोदकांवरून त्यांचं अन् तिथल्या मराठी मंडळाचं बिनसलं होतं.

दाजींनी फोन ठेवला अन् म्हणाले, "पुंजा, नव्या माणसानं एकच खूण धरावी. आपल्यासारखी माणसं ज्या दुकानात दिसतील, त्या दुकानात शिरायचं."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम निघाला. पहिल्या दुकानात पाहिलं, सगळे गोरे. दुसऱ्या दुकानात सगळे उंच. पाचव्या दुकानात मात्र तो दचकलाच. समोर एक माणूस उभा होता, अगदी त्याच्यासारखा. तसाच सावळा, तशीच मिशी, डोक्यावर तशीच माकडटोपी. पुंजाराम हसला. तो माणूसही हसला. पुंजारामनं हात जोडले. त्यानंही जोडले.

दुपारी तो घरी आला तेव्हा हातात पायमोज्यांचे दोन जोड होते.

"पीठ मिळालं का?" कुंदानं विचारलं.

"नाही ताई. पण आपल्यासारखा एक माणूस भेटला. तोही बाजरीच शोधत होता बिचारा."

दाजींनी सगळी हकिकत विचारून घेतली. मग म्हणाले, "तो आरसा होता, आरसा. कपड्यांच्या दुकानात असतो. दिसण्यावर जाऊ नको बाबा. आपली भाषा कुठं ऐकू आली, तर तिथं थांब अन् विचार."

पुंजारामनं डोक्यात ठेवलं.

शुक्रवारी तो ट्रामच्या थांब्यावरून चालला होता. एक म्हाताऱ्या बाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या, "शेंगदाण्याचा कूट घातलाच कसा तू त्यात?" पुंजाराम जागच्या जागी थांबला. ट्राम आली. बाई ट्राममध्ये चढायला निघाल्या. पुंजाराम दारातच उभा.

"अहो, बाजूला व्हा. चढू द्या," बाई म्हणाल्या.

"मला थांबायला सांगितलंय."

"कुणी?"

"दाजींनी. आपली भाषा ऐकू आली की थांबायचं. अन् विचारायचं."

"मग विचारा की."

"काय विचारायचं ते सांगितलं नाही."

ट्राम निघून गेली. बाईंनी मोठा श्वास घेतला. मग त्यांनीच एकेक प्रश्न विचारून त्याच्या पोटातली बाजरी बाहेर काढली. म्हणाल्या, "पूल ओलांडला की डाव्या हाताला हिरवी पाटी आहे. खैरनारांचं दुकान. मी सांगितलं म्हणून सांगू नका, मी मंडळात आहे."

पुंजाराम पूल ओलांडून गेला. हिरवी पाटी दिसली. आत पाऊल ठेवलं अन् त्याला मसाल्याचा, हिंगाचा, नव्या पोत्यांचा वास आला. गल्ल्यामागं एक जाडजूड गृहस्थ बसले होते.

"मी सांगितलं म्हणून सांगू नका, असं एका बाईंनी सांगितलंय," पुंजाराम म्हणाला.

"जोशीण असणार," खैरनार काका म्हणाले. "गाव कोणतं तुझं?"

गावाचं नाव ऐकलं अन् काका उठून उभेच राहिले. त्यांची आत्या त्याच गावात दिली होती. त्यांनी पुंजारामला चहा पाजला. पीठ मात्र तळाशी आलं होतं. "नवा माल उद्या येतोय. आज एवढंच आहे. बहिणीला आजच्यापुरती भाकरी घाल. उद्या सकाळीच ये, हव्या तेवढ्या पिशव्या ने." काकांनी दोन वांगीही दिली.

घरी येऊन पुंजारामनं भरीत केलं. तीन भाकऱ्या केल्या. तिन्ही फुगल्या. वास घरभर गेला. आतून कुंदाचा आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या आवाजात जीव होता.

"पुंजा, झालं का रे? वाढ लवकर."

पुंजाराम विचारात पडला. वाढलं म्हणजे संपलं. तेव्हा वाढ म्हणजे संपव. त्याला भूक नव्हती, काकांकडं चहाबरोबर तो शेव खाऊन आला होता. पण ताईचा शब्द होता. त्यानं पहिली भाकरी संपवली. दुसरीला घाम आला. तिसरी त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर उतरवली. भरताची कढई बोटानं पुसून घेतली.

"अरे वाढतोस ना?"

"वाढलं ताई," पुंजाराम भिंतीला टेकून म्हणाला. "सगळं वाढलं. लई जड गेलं."

कुंदा उठून स्वयंपाकघरात आली. रिकामी कढई बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्याला ओरडली नाही. ओरडायला अंगात बळ नव्हतं. दाजी मात्र ओरडले. "अरे, माणूस जेवायला बसला अन् वाढ म्हणाला की संपवायचं नसतं. वाढ म्हणजे ताटात घाल. ताटात."

"मग वाढलं म्हणजे संपलं, ते?"

"ते पिठाचं. हे वेगळं. वाढ म्हणजे ताटात घाल."

पुंजारामनं डोक्यात ठेवलं. त्यालाही फार वाईट वाटलं होतं. तो रात्रभर मनात म्हणत राहिला, ताटात घाल, ताटात घाल.

शनिवारी उजाडता उजाडता तो पुलापलीकडं हजर झाला. मालाची गाडी आली होती. काका एकटेच होते. पुंजारामनं सदरा काढून खुंटीला टांगला अन् पोती उतरवायला लागला. त्यानं बारा पोती वाहिली, तेलाचे डबे रचले, डाळी मापून पिशव्यांत भरल्या. काका खूश झाले. त्यांनी सगळ्यात आधी बाजरीच्या पिठाची मोठी पिशवी अन् चार वांगी कुंदासाठी बाजूला काढून ठेवली.

मालाबरोबर नवा फ्रीजही आला होता, काचेच्या दाराचा. काकांनी त्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली अन् नारळ पुंजारामच्या हातात दिला. "तुझ्या हातानं होऊ दे. नारळ वाढव."

"ताट द्या," पुंजाराम म्हणाला.

काकांना वाटलं, प्रसादाला हवं असेल. त्यांनी ताट दिलं. पुंजारामनं नारळ ताटात घातला.

काका वाट बघत उभे राहिले. "वाढव की."

पुंजारामनं रचलेल्या ढिगातून दुसरा नारळ आणला. ताटात घातला.

"अरे, वाढव."

तिसरा आणला. चौथा आणला. पाचवा ताटात राहीना, तेव्हा तो म्हणाला, "काका, परात आहे का?"

"तुला नारळ वाढवता येत नाही?"

"वाढतोच आहे. तुमचं पोट भरेना."

काकांनी कपाळावर हात मारला. "नारळ फोडला असं म्हणत नाहीत, लेका. वाढवला म्हणतात. वाढव म्हणजे फोड. दगडावर आपट अन् फोड."

"वाढव म्हणजे फोड," पुंजाराम म्हणाला अन् त्यानं डोक्यात ठेवलं. नारळ मात्र त्यानं एका घावात फोडला. काकांनी पाठ थोपटली.

पावणेतीन वाजले. काकांची मुलगी दुसऱ्या गावाहून गाडीनं येणार होती. शनिवारी दुकान तीनलाच बंद व्हायचं. काकांनी कोट चढवला, किल्ली पुंजारामच्या हातावर ठेवली अन् म्हणाले, "मी पोरीला घेऊन येतो. तू तुझं सामान घे, दुकान वाढव अन् किल्ली शेजारच्या बेकरीत दे. जमेल ना?"

"जमेल," पुंजाराम म्हणाला. अन् मग जरा थांबून, "काका, सगळं?"

"सगळं म्हणजे? आख्खं दुकान वाढव अन् घरी जा. बहीण वाट बघत असेल."

काका गेले. पुंजाराम दुकानाकडं बघत उभा राहिला. इतकं चांगलं दुकान फोडायचं म्हणजे त्याला कसंसंच झालं. पण मोठ्या माणसांच्या रीती असतात. नारळही चांगलाच होता.

त्यानं पिठाची पिशवी अन् वांगी बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवली. किल्लीही पिशवीवर ठेवली. मोठ्या काचेला हळदकुंकू लावलं. उदबत्ती ओवाळली. मग खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं अन् पहिला घाव घातला.

काच मोठ्यानं वाजली. रस्त्यावरची माणसं थांबली. पुंजारामनं त्यांना थांबा अशी खूण केली. दुसऱ्या घावात दाराची काच गेली. बेकरीवालीण धावत बाहेर आली. पुंजाराम तिलाही नमस्कार करून आत गेला, नारळाचे तुकडे ताटात घालून आणले अन् जमलेल्या सगळ्यांना एकेक तुकडा प्रसाद दिला. लोकांनी घेतला. काय करावं, ते कुणालाच सुचत नव्हतं. तिसरा घाव नव्या फ्रिजवर घालायला त्यानं बत्ता उचलला, तेवढ्यात पोलीस आले.

पोलिसांनी मराठी येणाऱ्या एका बाईंना फोनवर घेतलं. बाई शांत आवाजात म्हणाल्या, "साहेब विचारतात, तुम्ही काय करत होता?"

"दुकान फोडत होतो."

"मी पुन्हा विचारते. नीट विचार करून सांगा."

"दुकान फोडत होतो. अजून निम्मंसुद्धा झालं नाही."

"अन् हे बाकावरचं सामान?"

"हे आधी बाहेर काढलं. मग फोडायला घेतलं."

"कुणी सांगितलं फोडायला?"

"मालकांनी."

तेवढ्यात काका मुलीला घेऊन आले. मुलीच्या हातातली पेटी रस्त्यावर पडली. काका हळूहळू चालत पायरीपर्यंत गेले अन् खाली बसले.

"पुंजाराम," ते म्हणाले, "मी तुला दुकान वाढवायला सांगितलं होतं."

"हो काका. समोरचं वाढलं. फ्रिजला ह्यांनी हात लावू दिला नाही."

काकांनी काचेच्या तुकड्यांवरचं हळदकुंकू पाहिलं. मग त्यांना सगळं उमगलं. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "दुकान बंद कर, असं म्हणायचं नसतं रे. म्हणून वाढव म्हणतात. वाढवणं म्हणजे बंद करणं. बंद."

"वाढवणं म्हणजे बंद करणं," पुंजाराम म्हणाला. त्याला फार शरम वाटली. हा धडा तरी आता आयुष्यात विसरायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

पोलीस सगळ्यांना चौकीवर घेऊन गेले. दाजीही घाबरेघुबरे होऊन आले. टेबलामागं साहेब, टेबलावर फोन, फोनमध्ये बाई. काका मनानं मोठा माणूस. ते म्हणाले, "बाई, साहेबांना सांगा. काचेचा विमा आहे. पोरगा भोळा आहे, चोर नाही. घरी त्याची पोटुशी बहीण उपाशी बसली आहे. परवा डॉक्टरांकडं वजन आहे. त्याला सोडा, त्याला भाकऱ्या करायच्या आहेत. मला हे प्रकरण वाढवायचं नाही."

पुंजाराम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. काका बोलत तर गोड होते, पण शेवटी काय म्हणाले? वाढवायचं नाही. म्हणजे बंद करायचं नाही. बरोबरच होतं. इतकं नुकसान झाल्यावर कोण बंद करील? पण घरी ताई होती. पुंजाराम उठला. आयुष्यात तो चार माणसांसमोर कधी बोलला नव्हता. त्यानं हात जोडले.

"काका, तुमचा राग मला समजतो. पण पाया पडतो तुमच्या. प्रकरण वाढवा."

"पुंजा, गप बस," दाजी म्हणाले.

"नाही दाजी. आज मी गप बसणार नाही. ताईसाठी बोलतोय." तो फोनकडं वळला. "बाई, साहेबांना माझा निरोप द्या. हे प्रकरण वाढवलंच पाहिजे. वाढवल्याशिवाय मी इथून हलायचा नाही."

बाईंनी विचारलं, "हे जसंच्या तसं सांगू?"

"जसंच्या तसं सांगा. अन् म्हणावं, जितकं वाढवता येईल तितकं वाढवा. पुन्हा उघडायला नको."

बाईंनी सांगितलं. साहेबानं चष्मा काढला अन् पुंजारामकडं नीट पाहिलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत अशी विनंती त्याच्याकडं कुणी केली नव्हती. पण तो देशच असा होता की सांगितलं तेवढं ऐकायचा, अन् ऐकलं तेवढं करायचा. साहेबानं खणातून कागदांचा नवा गठ्ठा काढला अन् पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर उभं करीपर्यंत पुंजारामचा मुक्काम चौकीत पडला. कागदावर सही करताना पुंजारामला समाधान वाटलं. त्यानं साहेबाचा हात हातात घेऊन आभार मानले.

काकांनी बाकावरचं सामान दाजींबरोबर धाडलं. घरी पीठ होतं, वांगी होती, पण भाकरी करणारा आत होता. चौकीत एक फोन करायची मुभा होती. पुंजारामनं दाजींना फोन लावला.

"दाजी, परातीत पीठ घ्या. पाणी घाला. मळा."

"पाणी किती मिलीलीटर?"

"पीठ मागेल तेवढं."

"पीठ कसं मागेल?" दाजी म्हणाले. कोपरापर्यंत त्यांचे हात भरले होते. "किती मिनिटं मळू ते सांग."

"हाताला कळेपर्यंत."

दाजी पुन्हा मळायला लागले. पलंगावर कुंदा हे सगळं ऐकत होती. आधी ती ओठ चावून हसली. मग उशीत तोंड खुपसून हसली. मग तिला हसू आवरेना. दाजींची पहिली भाकरी तव्यावर चार ठिकाणी फाटली, दुसरी कढईच्या कानासारखी झाली. कुंदानं दोन्ही खाल्ल्या. शनिवारी खाल्ल्या, रविवारी खाल्ल्या. पोटात सगळं ठरलं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी काकांचं ऐकून घेतलं अन् पुंजारामला सोडलं. दाजी त्याला न्यायला डॉक्टरीणबाईंकडूनच थेट आले होते. चौकीच्या पायरीवर पुंजारामनं पहिली गोष्ट विचारली, "ताईचं काय झालं?"

दाजींचा चेहरा फुलला. "पुंजा, सलाईन टळलं. तुझ्या ताईचं वजन..."

अन् ते थांबले. त्यांनी मागं चौकीच्या दाराकडं पाहिलं. मग पुंजारामच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुझी ताई जाड झाली," ते म्हणाले. "चल घरी."